ही सीडी दुसरीकडे लागेल का?

बाजारात एकाच जातीची वस्तू मिळत होती, तोवर वस्तू विकत घेणे ही फार सोपी गोष्ट असावी. पैसे साठवायचे, नंबर लावायचा, आणि नंबर लागला की जे मिळेल ते घरी आणून त्याला हळदकुंकू वाहायचे. आमच्या घरातील पहिली स्कूटर अशीच आली म्हणतात. तिचा रंगसुद्धा कुणी निवडलेला नव्हता. पुढे दुकाने भरली आणि माणसाच्या मागे निवडीचे शुक्लकाष्ठ लागले. आता साधा दात घासायचा ब्रश घ्यायचा म्हटले तरी घरात दोन पक्ष पडतात, आणि ज्याचा पक्ष हरतो तो आठवडाभर हिरड्या दुखत असल्याची तक्रार करतो.

या शुक्लकाष्ठाचा एक अध्याय आमच्या घरी २००७ साली घडला. त्या वेळी मी अवघी दोन वर्षांची होते. माझे मत कुणी विचारले नाही, म्हणूनच मी ही हकीकत तटस्थपणे सांगू शकते. शिवाय ती घरात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की, मी त्या बैठकीला जातीने हजर होते अशी माझी हळूहळू खात्रीच पटू लागली आहे. बैठकीपुढचा प्रश्न असा होता : घरी डीव्हीडी रेकॉर्डर घ्यायचा, तर कोणता घ्यायचा?

माझ्या वर्गातील पुष्कळ मैत्रिणींना हे यंत्र ठाऊक नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. दुकानांतून ते केव्हाच दिसेनासे झाले. व्हीसीआरचा तो धाकटा भाऊ. टीव्हीवरचा कार्यक्रम म्हणा, तारेने जोडलेल्या दुसऱ्या यंत्रातले चित्र म्हणा, तो आपल्या पोटातील चकचकीत तबकडीवर उतरवून घेई. जपानमध्ये पायोनियर कंपनीने १९९९ साली असे पहिले घरगुती यंत्र विक्रीला आणले. आमच्या घरच्या ऐपतीत बसायला त्याला आणखी आठ वर्षे लागली.

पण आम्हाला ते हवे होते कशासाठी? त्यासाठी आमच्या वाड्यातील एका लोखंडी ट्रंकेची ओळख करून दिली पाहिजे.

आमचा वाडा भांडी बाजाराच्या अंगाला, गंगेच्या बाजूचा. (बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते : आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) तळमजल्यावरच्या खोलीत ही ट्रंक असे आणि तिच्यात होत्या चौदा व्हीएचएस कॅसेटा. त्यांत १९९२ सालचे आत्याचे लग्न होते, काकाचा साखरपुडा होता, तीन-चार गणपती होते, आणि एक कॅसेट होती १९९५ च्या दिवाळीची. आतोबांच्या भावाने मस्कतहून आणलेला कॅमेरा त्या दिवाळीत घरभर फिरला होता. त्याने फराळाची ताटे टिपली, भुईनळे टिपले, आणि अखेर ओसरीवर बसलेल्या आजोबांपुढे येऊन तो थांबला. आजोबा १९६९ च्या पुराची गोष्ट सांगत होते. पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागले तेव्हा लोक बघायला गेले, कमरेला लागले तेव्हा परत फिरले, आणि छातीला लागले तेव्हा सामान वर चढवू लागले. पुढचे सगळे त्यांनी हातवारे करून, कुणाच्या घरात किती पायऱ्या बुडाल्या याच्या हिशेबासह सांगितले आहे. एकूण अकरा मिनिटे. आजोबा २००१ मध्ये गेले. त्यांचे फोटो पुष्कळ आहेत. आवाज मात्र त्या अकरा मिनिटांतच आहे.

कॅसेटचे आयुष्य किती, हा प्रश्न सुरुवातीला कुणाला पडत नाही. जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस पद्धत जपानमध्ये १९७६ साली बाजारात आणली. तिच्या एक वर्ष अगोदर आलेल्या सोनीच्या बीटामॅक्सला तिने पुढे मागे टाकले आणि जगभरच्या दिवाणखान्यांत ती जाऊन बसली. पण आत असते ती प्लॅस्टिकची फीत आणि तिच्यावर चुंबकीय कणांचा पातळ थर. प्रत्येक वेळी कॅसेट लावली की फीत फिरत्या हेडवर घासते. नाशिकचा पावसाळा आणि बंद ट्रंक यांचा योग जुळला की फितीच्या कडेवर पांढरी बुरशी धरते. २००७ च्या श्रावणात आजीने दिवाळीची कॅसेट लावायला सांगितली, तेव्हा आजोबांच्या चेहऱ्यावरून बर्फ पडल्यासारखे ठिपके धावू लागले. व्हीसीआर दुरुस्त करणारा कारागीरही तोवर दुर्मीळ झाला होता. आजी काही बोलली नाही, पण त्या दिवशी बाबांनी एक वही घेतली आणि तिच्या पहिल्या पानावर ‘रेकॉर्डर’ असे लिहिले.

ती वही अजून आमच्याकडे आहे. बाबा शिक्षक असल्यामुळे तिच्यात रकाने आखलेले आहेत. पहिला रकाना तबकड्यांच्या जातींचा. या जातींत एक ‘वजा’ कुळातली आणि एक ‘अधिक’ कुळातली, कारण तबकडी कोणत्या पद्धतीची असावी यावर कंपन्यांमध्ये दोन तट पडले होते. वजावाले आधी आले, अधिकवाले २००१-०२ च्या सुमारास आले, आणि रॅम नावाची तिसरी जात आपला सवतासुभा सांभाळून होती. शिवाय दोन्ही कुळांत पुन्हा दोन पोटजाती : एकदाच लिहिता येणारी आणि पुसून पुन्हा लिहिता येणारी. बाबा म्हणत, गणितात अधिक आणि वजा एकमेकांना नाहीसे करतात, इथे दोघे मिळून माझे डोके नाहीसे करणार.

दुसरा रकाना वेळेचा. एका साध्या तबकडीवर ४.७ जीबी मजकूर मावतो. उत्तम चित्र हवे तर त्यात एकच तास बसतो; जरा हात आखडता घेतला की दोन तास, आणखी आखडला की चार, आणि अगदी कंजुषी केली तर सहा. ही कंजुषी फुकट मिळत नाही. सहा तासांच्या मापाने भरलेल्या तबकडीवर वरातीतला बँडवाला जोरात हलला की त्याच्या चौकोनी ठिकऱ्या होतात. आमच्या कॅसेटा तीन तासांच्या. म्हणजे एक कॅसेट दोन तबकड्यांवर मोडायची, नाही तर चार तासांच्या मापात दाबून बसवायची. व्हीएचएसमध्ये मुळात चित्राचा बारकावाच फार नसतो. आडव्या दिशेला जेमतेम २४० रेघा वेगळ्या ओळखता येतील इतका. तेव्हा एक तासाच्या मापाचा थाट आमच्या कॅसेटांना शोभणारा नव्हता. पण जे थोडे होते त्यातले आणखी कमी होऊ द्यायला बाबा तयार नव्हते. त्यांनी दोन तासांच्या मापाभोवती लाल शाईने चौकट काढली.

येथवर सगळे सुरळीत चालले होते. मग घरातील इतर मंडळींना वहीचा सुगावा लागला.

काका हार्ड डिस्कच्या बाजूचे. त्या सप्टेंबरात जोहान्सबर्गला पाकिस्तानला हरवून भारताने वीस षटकांचा पहिला विश्वचषक जिंकला होता आणि नेमकी शेवटची षटके आमच्या गल्लीत विजेअभावी दिसली नव्हती. यंत्राच्या पोटातच मोठी हार्ड डिस्क असली तर तबकडीशिवाय कित्येक सामने साठवता येतात, असे त्यांचे म्हणणे. वीज गेली तर सामना आत शिरणार कुठून, हे त्यांना कुणी विचारले नाही. आतोबा पुण्याहून फोनवर तिसरेच सांगत : एकाच पेटीत व्हीसीआर आणि रेकॉर्डर दोन्ही असलेले जोडयंत्र घ्या, कॅसेट इकडे घाला, तबकडी तिकडे घाला, बटण दाबा. सल्ला चांगला होता, पण बाबांचा आक्षेप असा की, दोन इंजिने एका डब्यात घातली की एक बिघडल्यावर दोन्ही दुरुस्तीला जातात. आईचे मत होते की, चौदाही कॅसेटा एखाद्या स्टुडिओत देऊन मोकळे व्हावे. त्यावर आजी म्हणाली, “माझं माणूस मी कुणाच्या दुकानात ठेवून येणार नाही.” तो मार्ग तिथेच बंद झाला.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी अखेरची बैठक बसली. अधिक, वजा, हार्ड डिस्क, जोडयंत्र, लाल-पांढऱ्या-पिवळ्या तारा, रिमोटवरची बटणे अशा सर्व विषयांचा कीस पडला. महात्मा गांधी रस्त्यावरच्या तीन दुकानांची माहितीपत्रके ओसरीवर पसरली होती. आजी तांदूळ निवडत बसली होती. तिच्या लेखी गोल आणि चकचकीत असलेली प्रत्येक वस्तू म्हणजे सीडी. बराच वेळ ऐकून घेऊन ती म्हणाली,

“अरे, ते सगळं राहू दे. इथं भरलेली सीडी पुण्याला ताईच्या घरी लागेल का, तेवढं सांग मला.”

बाबांनी वही चाळली. तिच्यात सात रकाने होते, पण हा प्रश्न एकाही रकान्यात नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाबा दुकानात गेले ते वही न घेता. दुकानदाराला त्यांनी आजीचाच प्रश्न विचारला, आणि त्याच्या उत्तरातून एक गोष्ट कळली जी माहितीपत्रकांत शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होती. रेकॉर्डरने भरलेली तबकडी तशीच बाहेर काढली तर ती बहुधा त्याच यंत्रावर चालते. इतर यंत्रांना ती वाचता यावी म्हणून तिच्यावर शेवटचा एक संस्कार करावा लागतो. त्याला म्हणतात फायनलाइज करणे. त्याने तबकडीवर काय कुठे आहे याची अनुक्रमणिका सर्वमान्य पद्धतीने लिहिली जाते आणि तबकडी बंद होते. मग तिच्यात भर घालता येत नाही, पण ती कुठेही जाऊ शकते. एकदाच लिहिता येणाऱ्या वजा जातीच्या तबकड्या जुन्या प्लेअरांवरही बहुधा चालतात, हेही तिथेच समजले.

बाबांनी दुकानदाराला पाच मिनिटांची एक तबकडी भरून, बंद करून मागितली. ती घेऊन ते आमच्या गल्लीत चार घरी गेले. चार घरी चार वेगवेगळे प्लेअर. तिघांवर ती पहिल्या फटक्यात लागली; चौथ्याने तिच्याकडे पाहून मान फिरवली, पण तो प्लेअर विकत घेतलेल्या तबकड्यांकडेही तसेच पाहतो असे घरधन्याने सांगितले. परीक्षा झाली. साधा रेकॉर्डर आला : हार्ड डिस्क नाही, जोडयंत्र नाही. काकांनी दोन दिवस अबोला धरला.

नंतरचे तीन आठवडे आमच्या घराने तपश्चर्या केली. कॅसेटवरून तबकडीवर उतरवण्याला आडवाट नसते. तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते. चौदा कॅसेटा, बेचाळीस तास. त्यात त्या वर्षांत भारनियमन हा आमचा रोजचा पाहुणा. बंद होण्यापूर्वीच वीज गेली तर अर्धी भरलेली तबकडी वाया जाण्याची भीती, म्हणून वेळापत्रक भिंतीवर चिकटवले होते आणि शेजारच्या इन्व्हर्टरवरून एक तार आमच्या खिडकीत आली होती. कॅसेट लागली की घरातले सगळे आपोआप समोर बसत. आजोबांची अकरा मिनिटे आली त्या संध्याकाळी, आई सांगते, काकासुद्धा रिमोट खाली ठेवून बसले होते.

मग काकांच्या ऑफिसातल्या संगणकावर प्रती निघाल्या. तिथे एका तबकडीला काही मिनिटेच लागत. अठ्ठावीस तबकड्यांचा एक संच, असे तीन संच झाले. एक घरात राहिला, एक कल्याणला मावशीआजीकडे गेला, आणि एक भाऊबीजेला आत्याच्या हाती पडला. दिवाळीच्या फराळाचे ताट जसे शेजारी जाते तशाच सहजपणे त्या गेल्या. त्या वेळी यात कुणाला काही विशेष वाटले नाही.

सप्टेंबर २००८ मध्ये गंगेला पूर आला.

नाशिककरांना त्या पुराचे वर्णन नको. गंगापूर धरणातून पाणी सुटत गेले, दुतोंड्या मारुती दिसेनासा झाला, आणि पाणी सराफ बाजारात, भांडी बाजारात शिरले. आमच्या घरची मंडळी, आजोबांनी सांगितलेल्या क्रमानेच, सामान वर चढवत होती : आधी धान्य, मग कागदपत्रे, मग माणसे. ट्रंक जड होती, ती राहिली. रेकॉर्डरही राहिला. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तेव्हा आत गाळ होता. कॅसेटांतून काळे पाणी निघत होते. घरातला तबकड्यांचा संच आजीने नळाखाली एकेक करून धुतला आणि पातळाच्या पदराने पुसला. त्यांतल्या काही लागल्या, बऱ्याच अडखळल्या. ज्या यंत्राच्या निवडीसाठी सात रकाने आखले होते, ते उन्हात वाळवूनही पुन्हा सुरू झाले नाही.

पंधरा दिवसांनी आत्या पुण्याहून आली, ती पिशवीतून अठ्ठावीस तबकड्या घेऊन.

मोठी झाल्यावर या हकीकतीवर मी जेव्हा जेव्हा विचार करते तेव्हा मला देहूची कथा आठवते. तुकोबांचे अभंग इंद्रायणीत बुडवले आणि ते तरले, असे परंपरा सांगते. श्रद्धाळू माणूस त्याला चमत्कार म्हणतो. विचारी माणूस म्हणतो की, वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांच्या तोंडी होते. माझ्या मते दोघेही एकच गोष्ट सांगतात. जे लोकांच्या घरी गेलेले असते ते बुडवायला नदी पुरत नाही.

उलट उदाहरण आपल्या अंगणातले आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. नाशकात त्यांनी चित्रपट काढले आणि १९४४ साली नाशकातच त्यांचे निधन झाले. लहानमोठे मिळून त्यांचे चित्रपट शंभराच्या आसपास भरतात. आज त्यांतले मोजकेच उरले आहेत, आणि तेही बहुतेक तुकड्यातुकड्यांनी. फिल्मच्या प्रती थोड्या, त्याही पेट घेणाऱ्या रसायनाच्या. ज्यांच्याकडे त्या होत्या त्यांनी त्या जपल्या नाहीत तर दुसरीकडे शोधायला जागा नव्हती. विलायतेतील बीबीसीसारख्या संपन्न संस्थेनेही ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या जुन्या टेपा पुसून टाकल्या होत्या. तिचे हरवलेले नऊ भाग २०१३ साली पुन्हा हाती आल्याचे जाहीर झाले. ते सापडले कुठे? नायजेरियातील जोस शहरात, कारण कधी काळी प्रक्षेपणासाठी त्या देशाला प्रती पाठवल्या होत्या. लंडनमध्ये जे उरले नाही ते आफ्रिकेत उरले. आमच्या घरचे पुण्यात उरले, एवढाच फरक.

म्हणून रेकॉर्डर निवडण्याविषयी मला कुणी सल्ला विचारला तर मी बाबांची वही दाखवणार नाही, आजीचा प्रश्न सांगेन. यंत्राला किती बटणे आहेत, पोटात किती तास मावतात, या गोष्टी खोट्या नाहीत. चित्र बरे-वाईट त्यांनीच ठरते. पण यंत्र आपल्याजवळ थोडी वर्षे राहते. त्यातून निघालेली वस्तू त्याच्याशिवाय जगू शकते का, आणि आपल्या उंबऱ्याबाहेर जाऊ शकते का, हे आधी पाहावे. आज हा प्रश्न जुना झाला आहे असे समजू नका. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले, आणि तेव्हा ती जगातील शेवटची मोठी उत्पादक मानली जात होती. नव्या लॅपटॉपांना तबकडीचे तोंडच नसते. आपल्या हातातल्या मोबाइलमध्ये स्नेहसंमेलनाची, सहलीची, आजीआजोबांची शेकडो चित्रे आहेत. त्यांतली किती त्या एका मोबाइलच्या बाहेर जाऊन बसली आहेत, हे आपण प्रत्येकाने एकदा मोजून पाहावे.

तबकड्याही अमर नसतात. गेल्या उन्हाळ्यात मी पुण्याचा संच संगणकावर उतरवायला घेतला तेव्हा १९९५ च्या दिवाळीची तबकडी बेचाळिसाव्या मिनिटाला थबकली. आजोबा नेमके तिथे “पाणी कमरेला लागलं” म्हणून हात वर करतात. हात वरच राहिला. कल्याणच्या मावशीआजी आता नाहीत, पण त्यांच्या सुनेने तो संच कपाटात तसाच ठेवला होता. त्यातली तबकडी आरंभी अडखळत होती आणि बेचाळिसाव्या मिनिटापुढे स्वच्छ चालत होती. एकीतून पुढचा भाग घेतला, दुसरीतून मागचा, आणि आजोबांनी हात खाली घेऊन पाणी छातीपर्यंत नेले.

ती अकरा मिनिटे मी आजीला माझ्या मोबाइलवर दाखवली. तिने सगळी पाहिली, मधेच “आवाज वाढव” म्हणाली, आणि संपल्यावर डोळे न पुसता विचारले, “हे ताईकडे लागेल?”

मी तिच्यासमोरच आत्याला पाठवले. कल्याणलाही पाठवले. नायजेरियात आमचे कुणी नाही.